उर्वरित टाचेसह हजर राहण्याबाबत

अत्यंत तातडीचं

प्रति,
मा. चौकशी अधिकारी (शिस्तभंग),
पाणीपुरवठा खातं, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय: उद्या सकाळची मैदानावरची स्थळपाहणी रद्द करणे, अर्जदाराची उजवी टाच तपासकामी न वापरणे, आणि साहेबांनी स्टुलावर न चढणे याबाबत.

संदर्भ: आपलं पत्र, ज्यात 'उर्वरित टाचेसह हजर राहावे' असं लिहिलं आहे ते.

महोदय,

१. अर्जदार आपल्या खात्यात पाण्याचे मीटर वाचतो. खात्यात त्याला मीटरभाऊ म्हणतात. दारोदार जायचं, फरशी उचलायची, गुडघ्यावर बसून काचेवरची माती पुसायची, आकडा लिहून घ्यायचा. घरमालक 'आम्ही तर महिनाभर बाहेरगावी होतो' म्हणाला, तर 'मग पाणी कोण प्यालं' असं न विचारता पुढच्या दाराशी जायचं. एवढंच काम तो जन्मभर करत आला. आता निवृत्ती तोंडावर आली आहे. अर्जदाराचं डोकं कधी फार चालल्याची नोंद नाही, पण पाय चालले, आणि घर त्या पायांवरच उभं राहिलं. हा अर्ज त्या पायांबद्दल आहे. शेवटी शेवटी तो आपल्या पायांबद्दलही आहे, म्हणून मधेच टाकून देऊ नये ही विनंती.

अर्जदाराने हा अर्ज आधी कार्यालयीन भाषेत लिहिला होता. सौ.ने वाचला आणि म्हणाली, "अहो, यात घाबरलंय कोण तेच कळत नाही. बोलता तसं लिहा." म्हणून बोलतो तसा लिहिला आहे.

२. खात्याच्या क्रीडास्पर्धेत पन्नाशीपुढच्यांची धाव असते. दरवर्षी ती जीपचा ड्रायव्हर शिट्टी वाजवून सोडायचा. यंदा वरून निघालं की शिट्टी शोभत नाही, पिस्तूल हवं. खेळाच्या दुकानातून पिस्तूल आलं. नुसता आवाज करणारं, पण दिसायला खरं. ते कुणाच्या हातात द्यायचं यावर चर्चा झाली आणि सगळ्यांचं बोट अर्जदाराकडे वळलं. 'ज्याला मीटरचा आकडा खोटा लिहिता येत नाही, तो शर्यत खोटी सोडणार नाही,' असं आमचे भांडारपाल म्हणाले. भांडारपाल म्हणजे भांडारातली पिनसुद्धा सही घेऊन देणारे आणि परत आली की वाकडी तर नाही ना ते बघणारे गृहस्थ. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक पहिल्यांदाच आलं होतं. अर्जदार हुरळला.

त्यातच त्याला सर्दी झाली. नुसती सर्दी असती तर त्याने नाक पुसून वेळ मारून नेली असती. पण बोट चापावर असताना शिंक आली तर काय, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला तो निघेना. सगळे अजून बुटांच्या नाड्या बांधताहेत आणि शर्यत सुटली आहे, असं चित्र त्याला जेवताना दिसायला लागलं.

३. म्हणून तो खात्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, "साधी सर्दी आहे, वाफ घ्या, आठवड्यात जाईल." अर्जदार म्हणाला, "आठवडा नाहीये हो माझ्याकडे. काहीतरी कडक द्या." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावरून मागची रांग बघितली. रांग दारातून बाहेर जाऊन वळली होती. अर्जदाराला समजावत बसण्यापेक्षा लिहून देणं सोपं होतं. त्यांनी कडक ॲण्टिबायोटिक लिहून दिलं.

इथे दोन गोष्टी राहून गेल्या. अर्जदाराला दम्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून स्टेरॉइडच्या बारीक गोळ्या चालू होत्या. या डॉक्टरांनी ते विचारलं नाही आणि अर्जदाराने सांगितलं नाही. त्याला वाटलं, दमा छातीत आणि सर्दी नाकात, त्यांचा एकमेकांशी काय संबंध.

गोळ्या सुरू झाल्या. सर्दी पळाली. पण दोन-तीन दिवसांत डाव्या टाचेच्या मागे ओढल्यासारखं व्हायला लागलं. जिना उतरताना बारीक कळ यायची. अर्जदार सौ.ला म्हणाला, "टाच धरतेय गं." सौ. म्हणाली, "नव्या चपलेमुळे असेल." सासूबाई म्हणाल्या, "वय झालं जावईबापू." कोर्स अर्धवट सोडायचा नसतो हे तर घराघरात पाठ असतं, आणि अर्जदार नेमून दिलेलं काम पुरं करणारा माणूस. त्याने कोर्स पुरा करायला घेतला.

४. स्पर्धेचा दिवस आला. अर्जदार ठेंगणा, मागच्यांना दिसावा म्हणून त्याला उभं राहायला एक लाकडी स्टूल दिलं. एका बाजूला लेखा शाखा, दुसऱ्या बाजूला पाइपलाइन शाखा. या दोन शाखांचं वर्षभर बिलांवरून जमत नाही, त्यामुळे ढाल कोणाच्या खोलीत लागते याला फार महत्त्व असतं. अर्जदार 'आपापल्या जागेवर' म्हणाला. 'तयार' म्हणाला. हात उंच केला, चवड्यांवर उभा राहिला, आणि त्याच्या डाव्या टाचेमागे फाटकन आवाज झाला.

महोदय, वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा तो आवाज होता. आधी दुखलंच नाही. मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातली असं वाटलं. अर्जदाराने वळून विचारलं, "कोण रे तो?" मागे पाण्याचं पिंप होतं. पिंपाने लाथ मारली नाही हे लक्षात येईपर्यंत डावा पाय त्याचं ऐकेनासा झाला होता. तो स्टुलावरून खाली आला, पडता पडता चाप दाबला गेला आणि पिस्तूल वाजलं.

लेखा शाखा टाचेच्या आवाजाला सुटली. पाइपलाइनवाल्यांना काहीतरी फुटल्याचे आवाज रोजचेच, ते जागचे हलले नाहीत. ते पिस्तुलाच्या आवाजाला सुटले. त्यामुळे एका शर्यतीच्या दोन शर्यती झाल्या, दोन पहिले नंबर आले, आणि दोन्ही पहिले नंबर ढालीचा एकेक कान धरून भांडायला लागले. ते भांडण अर्जदाराच्या अंगावरून चाललं होतं. तो खाली लोळत होता.

५. तेवढ्यात भांडारपाल आले. त्यांनी अर्जदाराच्या हातातून पिस्तूल घेतलं, उघडलं, रिकामं काडतूस काढलं.

"आवाज दोन, काडतूस एक," ते म्हणाले. "दुसरं कुठून आणलंस मीटरभाऊ?"

"अहो, माझा पाय," अर्जदार म्हणाला.

"पायाचं नंतर बघू. आधी काडतुसाचं सांग."

पुढे निलंबन झालं आणि आपली नोटीस आली. नोंद नसलेलं दुसरं काडतूस जवळ बाळगलं, ते आदेश नसताना उडवलं, त्यामुळे दोन शाखांत वैमनस्य वाढवलं, आणि 'वरिष्ठांच्या समक्ष बराच वेळ जमिनीवर लोळून खात्याची प्रतिमा मलिन केली'. त्यातला लोळल्याचा आरोप अर्जदाराला तेव्हाही मान्य होता.

६. भाच्याने अर्जदाराला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टर मॅडमनी त्याला पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. पोटरी दाबली की पाऊल हलायला हवं. उजवं हललं. डावं मेल्या माशासारखं पडून राहिलं. मॅडम म्हणाल्या, टाचेमागची जाड दोरी असते ना, कंडरा म्हणतात तिला, ती तुटली. मग त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एवढ्यात कुठलं ॲण्टिबायोटिक घेतलंत का?"

सौ.ने पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. मॅडमनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

त्यांनी जे सांगितलं ते अर्जदार जसंच्या तसं लिहितो आहे, कारण त्यातलं एकही वाक्य त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. या जातीच्या गोळ्यांनी कंडरा कमकुवत होऊन तुटू शकते. सगळ्यांची तुटत नाही, फार थोड्यांची तुटते. पण साठीच्या आसपासचं वय, सोबत स्टेरॉइड, मूत्रपिंडाचा त्रास, यातलं काही असलं की धोका वाढतो. कुणाच्या पायांना मुंग्या येतात, पाय बधिर होतात. कुणाची झोप उडते, डोकं भ्रमल्यासारखं होतं, भलती भीती वाटते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याची साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि फार क्वचित, पण होतं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगते किंवा फाटते. छातीत, पोटात, पाठीत अचानक मरणाचं दुखायला लागलं तर मिनिटभर थांबायचं नाही.

"मग असली गोळी विकतात कशाला?" सौ.ने विचारलं.

"मोठ्या दुखण्यात दुसरं काही लागू पडत नाही तेव्हा हीच जीव वाचवते," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः देते. पण डास मारायला तोफ आणली आणि भिंत पडली, तर तोफेला काय बोलणार. सर्दीला ही द्यायचीच नसते. आणि टाच दुखायला लागली त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं असतं."

"पण कोर्स..." अर्जदार म्हणाला.

"कोर्स आम्ही बदलून देतो हो. टाच नाही बदलून देता येत."

मग अर्जदाराने, ज्याची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, ते विचारलं. उजवीचं काय? मॅडम म्हणाल्या, तीही जाऊ शकते. गोळी बंद केल्यावरही काही महिने जपायचं. धावायचं नाही, उडी मारायची नाही, चवड्यांवर तर उभं राहायचंच नाही.

७. तेव्हापासून अर्जदार माणसांत राहिलेला नाही. डावा पाय प्लास्टरमध्ये, बोटं खाली केलेली, जणू कुणाला तरी जमीन दाखवतो आहे. डाव्यावर भार द्यायचा नाही, म्हणजे सगळा भार उजव्यावर, आणि उजव्यावर भार द्यायची भीती. काठी आणली, ती कोपऱ्यातच राहिली. शेवटी भाच्याने त्याच्या दुकानातली चाकांची खुर्ची आणून दिली. सौ. त्याला या खोलीतून त्या खोलीत ढकलत नेते. ती म्हणते, लग्नात वरात काढली नव्हती, ती आता रोज निघते आहे.

पण हसू फार टिकत नाही. सौ. वाटाणे सोलायला बसली आणि शेंग मोडली, तरी अर्जदार उजवा पाय पोटाशी घेतो. सासूबाईंना बोटं मोडायची सवय आहे. आता त्या बोटं मोडायला गच्चीवर जातात. शेजारी दार आपटलं की अर्जदार आधी खाली बघतो, पाऊल हलतंय का. पायांना मुंग्या येतात, त्या खऱ्या की मनाच्या, सांगता येत नाही. झोप लागत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, नसती भीती वाटणं हेसुद्धा त्या गोळीने होऊ शकतं. त्यामुळे आता घाबरल्यावर अर्जदाराला हेही कळत नाही, की घाबरलाय तो आपण, की गोळी.

८. अशा अवस्थेत त्याने आपल्या नोटिशीला उत्तर दिलं. पहिला आवाज टाचेचा आणि दुसरा पिस्तुलाचा, काडतूस एकच, असं लिहून मॅडमचं सर्टिफिकेट आणि एमआरआयचा फोटो जोडला. त्यावर आपलं संदर्भातलं पत्र आलं. ते घेऊन आपले हेडक्लार्क स्वतः घरी आले. श्वास घ्यायचा तरी ते आधी नियम बघतात, म्हणून त्यांना सगळे कलमदादा म्हणतात. त्यांनी बसून, पाणी पिऊन, चष्मा लावून पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

'सदर कर्मचाऱ्याने एक आवाज स्वतःच्या डाव्या टाचेतून आल्याचे प्रतिपादन केले आहे. तथापि मानवी टाचेतून पिस्तुलासारखा आवाज निघतो, हे अभिलेखावरून सिद्ध होत नाही. सादर केलेल्या एमआरआयच्या फोटोत तुटलेली कंडरा दिसते, आवाज दिसत नाही. सबब सदर कर्मचाऱ्याने उर्वरित टाचेसह मैदानावर हजर राहून प्रात्यक्षिक द्यावे.'

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे यांचा दुसरा पायही तोडून बघणार?"

"तोडून नाही हो वहिनी," कलमदादा म्हणाले. "स्टुलावर चढायचं, चवड्यांवर उभं राहायचं, आवाज येतो का बघायचं. नाही आला, तर टाच शाबूत. आला, तर हे निर्दोष. दोन्हीकडून तुमचाच फायदा."

"आणि निर्दोष झाल्यावर चालायचं कशाने?"

"त्याला वैद्यकीय रजा आहे ना. कलम आहे तसं."

अर्जदार उजव्या पायाकडे बघत होता. इतकी वर्षं दारोदार हिंडलेला पाय, त्याला आता सरकारी कामासाठी फुटायचं होतं.

९. पुढे आपल्या चौकशी समितीला शंका आली, की डावी टाच फुटली तेव्हा अर्जदार गोळ्यांवर होता, आता नाही, मग प्रात्यक्षिक सारख्या परिस्थितीत कसं होणार. शंका रास्त होती, हे अर्जदार कबूल करतो. पण त्यावरचा उपाय शंकेहून भारी निघाला. समितीने त्याच गोळ्या मागवल्या. दवाखान्याच्या डॉक्टरांनी 'तपासकामी' असं लिहून सही दिली. सुट्या गोळ्यांची खरेदी नियमात बसत नाही, म्हणून खोकंच आलं.

कलमदादा एक पाकीट घेऊन घरी आले. "प्रात्यक्षिकापर्यंत रोज घ्यायच्या. जेवणानंतर, म्हणजे पित्त होणार नाही."

सौ.ने पाकीट त्यांच्या खिशात परत घातलं आणि वरून खिसा थोपटला. "पित्ताची एवढी काळजी घेताय, तुमचे उपकार फेडायचे कसे?"

कलमदादांना टोमणे कळत नाहीत. त्यांच्या पुढे वेगळाच प्रश्न होता. ते म्हणाले, उरलेल्या खोक्याचं काय करायचं. विकत घेतलेला माल न वापरता पडून राहिला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

१०. आज सकाळी कलमदादा परत आले. उद्या स्थळपाहणी आहे, गाडी घ्यायला येईल, असं सांगायला. प्रात्यक्षिक नंतर होईल, उद्या फक्त पाहणी. सौ.ने चहा दिला. चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "त्या गोळ्यांना तू उगाच बदनाम केलंस मीटरभाऊ. आपल्या साहेबांना खोकला झाला होता, महिनाभर हटत नव्हता. मी म्हटलं, साहेब, माल पडून आहेच. सुरू केल्या त्यांनी. आठवडाभरात खोकला गायब. गोळी चांगली आहे रे, तुझीच टाच कच्ची."

अर्जदाराने कप खाली ठेवला. "साहेब घेताहेत त्या? अजून?"

"मग? कोर्स पुरा नको करायला?"

"साहेबांचं वय काय?"

"मुदतवाढीवर आहेत म्हणजे साठीच्या पुढेच की. पण तब्येत खणखणीत. दम्याच्या त्या बारीक गोळ्या तेवढ्या आहेत, बस्स. रोज सकाळी फिरायला जायचे, ते या चार-दोन दिवसांत बंद केलंय. टाच धरते म्हणतात. नवे बूट चावत असतील."

महोदय, त्या क्षणी अर्जदाराला स्वतःच्या टाचेची भीती वाटायची थांबली. इतके दिवस ती घरात भाडेकरूसारखी राहत होती, ती मुकाट्याने उठून गेली. तिच्या जागी जी आली तिला बसायलाही वेळ नव्हता. कारण कलमदादांनी कपातला शेवटचा घोट संपवून पुढे सांगितलं, "आणि उद्या साहेब स्वतः स्टुलावर चढून बघणार आहेत. चवड्यांवर उभं राहिल्याशिवाय मागच्या रांगेला हात दिसतो का, ते. मी म्हटलं मी चढतो, तर म्हणाले, चौकशी माझी आहे, चवडेही माझेच हवेत."

सौ. अर्जदाराकडे बघत राहिली. मग तिने कलमदादांना विचारलं, "साहेबांना हे कुणी सांगितलंय का, टाच कशाने धरते ते?"

"यांच्या उत्तरात आहे की सगळं लिहिलेलं," कलमदादा म्हणाले. "पण ते उत्तर आरोपीचं. आरोपीचं म्हणणं सिद्ध झाल्याशिवाय साहेब वाचून मनावर घेत नाहीत. निःपक्षपाती माणूस आहे."

११. ते गेल्या गेल्या अर्जदाराने कार्यालयात फोन लावला. टेलिफोनवरच्या बाई म्हणाल्या, "ज्याची चौकशी चालू आहे त्याच्याशी साहेब तोंडी बोलत नाहीत. लेखी द्या." अर्जदार म्हणाला, "ताई, त्यांची टाच तुटेल." बाई म्हणाल्या, "हे धमकी म्हणून लिहून घेऊ का?" अर्जदार म्हणाला, नको. मग भाच्याने लावला. त्याला विचारलं, तुम्ही कोण. तो म्हणाला, आरोपीचा भाचा. फोन ठेवला गेला. दवाखान्यात लावला, तर डॉक्टर सुट्टीवर होते.

मग अर्जदाराला कलमदादांचंच एक वाक्य आठवलं. आरोप मान्य केला की चौकशी तिथल्या तिथे बंद होते. पाहणी नाही, प्रात्यक्षिक नाही, स्टूलही भांडारात परत जातं. त्याने सौ.ला विचारलं. दोष मान्य करायचा म्हणजे नोकरी जाणार, आणि निवृत्तीच्या वेळी जे हातात पडायचं होतं त्यातलं काय उरेल ते देवाला माहीत.

सौ.ने मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "अहो, नोकरी गेली तर मी शिवणाची मशीन दोन वेळा चालवीन. साहेबांची टाच मला नाही शिवता यायची."

"त्या माणसाने मला उर्वरित टाचेसह बोलावलंय गं," अर्जदार म्हणाला.

"बोलावलंय ना. म्हणून तर त्यांना कळायला हवं, बिनटाचेचं घरात बसणं काय असतं. पण कळण्यासाठी त्यांनी बसायलाच हवं, असं काही नाही."

अर्जदाराने पेन मागितलं.

१२. तरी अर्जदार खालीलप्रमाणे लिहून देत आहे. दुसरं काडतूस होतं. ते त्याने आणलं होतं. कुठून आणलं ते आपण सुचवाल तिथून. ते त्याने उडवलं. टाच, पिंप आणि मागून बसलेली लाथ याबद्दल त्याने जे लिहिलं, ते समितीने वाचलं नाही असं समजावं. डॉक्टर मॅडमनी जे सांगितलं तेवढं मात्र वाचावं, कारण ते अर्जदाराच्या बचावासाठी आता लागत नाही. ते फक्त आपल्याला लागणार आहे.

लेखा शाखेला ढाल द्यावी किंवा पाइपलाइनला द्यावी. मधोमध कापून दिली तरी अर्जदाराची हरकत नाही.

त्या बदल्यात अर्जदाराचं मागणं मोठं नाही. आज दुपारची गोळी घेऊ नका. घेतली असेल तर संध्याकाळची घेऊ नका. टाच धरते हे, दम्याच्या गोळ्या चालू आहेत हे, आणि वय काय आहे हे, तिन्ही एका दमात डॉक्टरांना सांगा. ते औषध बदलून देतील. खोकल्याला दुसरं औषध असतं. जिना उतरायचा असेल तर कठडा धरून, एकेक पायरी, कुणीतरी पुढे चालू द्या. कपाटावरची फाइल काढायला चवड्यांवर होऊ नका, कलमदादा उंच आहेत. उद्या मैदानावर जाऊ नका. गेलातच, तर स्टुलाजवळ जाऊ नका.

आपण हे वाचत असाल तेव्हा बसलेले असाल अशी अर्जदाराला आशा आहे. त्याला आपला राग येत नाही असं नाही. पत्र वाचलं त्या दिवशी फार आला होता. पण त्या पिंपाकडे वळून बघताना त्याला जे वाटलं, ते आपल्याला वाटावं एवढा तो राग मोठा नाही. कुणालाच वाटू नये. उजवा पाय पोटाशी घेऊन अर्जदाराने हे लिहिलं आहे, आणि लिहिताना अक्षर वाकडं आलं त्याची कारणं दोन आहेत, त्यातलं एक आपण आहात.

या अर्जावर निर्णय कधी घ्यायचा ते आपण ठरवावं. वाचून झाल्यावर मात्र लगेच उठू नये.

आपल्या दोन्ही टाचा ठीक राहाव्यात असं मनापासून वाटणारा,

आपला नम्र,
(सही)
मीटरभाऊ
मीटर वाचक, तूर्त निलंबित

दिनांक: पाहणीच्या आदल्या दिवशी, दुपारी.

सोबत:
१) आरोप मान्य असल्याचा कबुलीजबाब, सहीनिशी.
२) हाडांच्या डॉक्टर मॅडमचा फोन नंबर. नाव सांगायची गरज नाही, 'टाच' म्हटलं की त्या फोनवर येतात.
३) सौ. हा अर्ज ती स्वतः घेऊन येत आहे. आवक विभागात तिला थांबवू नये, थांबणार नाही. आपण डॉक्टरांना फोन लावेपर्यंत ती समोरच्या बाकावर बसेल. तिच्या हातात काठी आहे, त्याने कुणी घाबरू नये. अर्जदाराची आहे, जिना उतरताना आपल्याला लागेल.